चार इंच आखूड तुळई

आमचे हे एकतीस वर्षांत चर्चमध्ये एकदाही माझ्या शेजारी बसले नाहीत. एकदा म्हणजे एकदाही नाही. बाकीची जोडपी कशी खेटून, एका गीतपुस्तकात दोघांची डोकी. आणि मी उजवीकडे लेकीबरोबर, तर आमची स्वारी डावीकडे तिसऱ्या बाकावर, भिंतीला चिकटून, एकटी. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मी रडले. मग भांडले. मग अबोला धरून पाहिला, तर त्यांना उलट बरंच वाटलं असावं. विचारलं की एकच उत्तर, "तिथून मला नीट ऐकू येतं." घरात हातभर अंतरावरून मी हाका मारते त्या ऐकू येत नाहीत, आणि तिथून म्हणे नीट ऐकू येतं!

त्या बाकावर दुसरं कोणी टिकायचंही नाही. कोणी नवखा येऊन बसलाच तर हे आधी खाकरायचे. मग उजवा पाय हलवायला सुरुवात. साधासुधा नाही, अख्खा बाक शिलाई मशीनसारखा थरथरायचा. तो बिचारा पहिलं गीत संपेपर्यंत दम धरायचा आणि पुढच्या रविवारी दुसरीकडे जागा बघायचा. लोक मला म्हणायचे, "मिस्त्रींना जरा सांगा की हो." मी काय सांगणार कपाळ! घरी जेवतानाही तोच पाय, आणि माझ्या पेल्यातलं पाणी हिंदकळून टेबलावर.

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. सुतारकाम करतात, आणि मापाला इतके पक्के की दुसऱ्या सुतारांची भांडणं मिटवायला ह्यांना बोलावतात. पहिल्यांदा मोजायचं, दुसऱ्यांदा मोजायचं, मग चहा घ्यायचा आणि तिसऱ्यांदा मोजायचं. लेक जन्मली तेव्हा नर्सनं सांगितलं, वीस इंच. ह्यांनी खिशातून टेप काढला. साडेएकोणीस. नर्स म्हणाली, "बाळ पाय आखडतं हो." हे म्हणाले, "मग सरळ असेल तेव्हा मोजा ना." बाळंतपणाच्या खाटेवरून मी हात जोडले तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

खिशात दोन टेप असायचे. एक कामाचा. दुसरा जुना, गंजलेला, सुरुवातीचा भाग तुटून गेलेला, काहीच कामाचा नाही. पँट धुवायला काढली की तो माझ्या हाताला लागायचा. एकदा मी वैतागून कचऱ्यात टाकला, तर ह्या माणसानं सगळा कचरा अंगणात ओतून तो शोधून काढला. "असू दे," म्हणाले. बस, एवढंच. ह्यांच्या तोंडातून जास्तीचा शब्द काढणं म्हणजे गंजलेला खिळा उपटणं.

आमचं लग्न त्याच चर्चमध्ये झालं. छप्पर नवं कोरं होतं, आठ-दहा महिन्यांपूर्वी ह्यांनीच उभं केलेलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी आम्हाला समोर उभं केलं, आणि शपथ घ्यायच्या ऐन वेळी ह्यांनी माझा हात धरून मला दोन पावलं उजवीकडे ओढलं. सगळे हसले. माझी आई नंतर म्हणाली, "मुलगा जरा तऱ्हेवाईक दिसतो." जरा!

आता सोलरचं सांगते, म्हणजे आधी जनरेटरचं सांगायला हवं. आमच्या चर्चच्या मागच्या भिंतीला एक डिझेलचं जनरेटर होतं. उपासनेच्या मध्येच वीज जायची, मग कोणीतरी धावत जाऊन दोरी ओढायचं आणि ते भडभडभड सुरू व्हायचं. धूर नेमका उजवीकडच्या खिडकीतून आत, म्हणजे माझ्या नाकात. आणि आमचे पाळक, गरीब स्वभावाचा तरुण माणूस, त्या आवाजावर ओरडून ओरडून सांगायचे की मनात शांती ठेवा.

आमची लेक शाळेत विज्ञान शिकवते. ती आणि पाळक, दोघांच्या डोक्यात सोलर शिरलं ते काही निघेना. एका रविवारी पाळकांनी त्यावरच उपदेश केला. म्हणाले, "ही पृथ्वी आपल्या मालकीची नाही. आपण नुसते कारभारी. झाडं, पाणी, हवा आपल्या हाती सांभाळायला दिलीत. एक दिवस मालक विचारणार, तुझ्या हाती दिलं होतं त्याचं तू काय केलंस? तेव्हा आपण काय, हा धूर दाखवणार?" मग लेक उभी राहिली. तिनं मोठा कागद उलगडला, छपराच्या डाव्या उतारावर दिवसभर ऊन कसं पडतं ते दाखवलं, चोवीस पॅनेलं बसवली तर दिवे, पंखे, माइक सगळं चालून वीज उरेल म्हणाली. आवाज थोडा कापत होता, पण एका शब्दाला अडखळली नाही. माझा ऊर भरून आला. ह्यांना बघावं म्हणून मी डावीकडे मान वळवली.

त्यांचा पाय थांबला होता. इतक्या वर्षांत तो पाय थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पुढचा महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता. तुमचा कशाला लावू? मला जे शेवटी कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

ते छप्पर बांधलं तेव्हा हे सव्वीस वर्षांचे होते. त्याआधी वादळात चर्चच्या अंगणातली दोन मोठी झाडं पडली होती, मंडळींच्या आजोबा-पणजोबांनी लावलेली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की लाकूड विकायचं नाही, त्याचंच छप्पर करायचं. त्या दोन झाडांतून मोजून पाच तुळया निघणार होत्या, बावीस-बावीस फुटांच्या. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तुळई आडवी टाकायची आणि तिच्या दोन्ही टोकांवर छपराचे तिरपे वासे टेकवायचे. सगळा भार त्या टोकांवर. सहावी तुळई निघणार नव्हती, आणि तसली झाडं पुन्हा कोणी आणणार नव्हतं.

ह्यांच्या टेपचे पहिले चार इंच तुटलेले होते. सुतारांत असं चालतं. तुटला तर टाकत नाहीत, चारच्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करायची आणि शेवटी चार इंच पुढे खूण करायची. चार तुळया ह्यांनी तशाच बरोबर कापल्या. पाचवीला सुरुवात चारपासून केली आणि खूण बरोबर बावीस फुटांवर केली. करवत पार गेली. मग उचलून भिंतीवर ठेवली तर तुळई चार इंच आखूड.

उद्घाटन पाच दिवसांवर आलं होतं. लोक फुलांच्या कुंड्या रंगवत होते. म्हातारे पाळक येता-जाता पाठ थोपटून म्हणायचे, "आमच्या झाडांचं सोनं केलंस रे." ह्यांची जीभ टाळ्याला चिकटली. तुळईच्या डाव्या टोकाला खाच पाडून ह्यांनी एक ठोकळा जोडला, चिकटवायला सरस भरला, दोन लाकडी मेखा ठोकल्या, फटीत भुसा दाबून घासून साफ केलं आणि वर रंग लावला. सांधा कोणाला दिसला नाही. आणि तो सांधा बरोबर डावीकडच्या तिसऱ्या बाकावर येतो.

हे मला तेव्हा माहीत असतं तर! मला एवढंच दिसत होतं की लेकीच्या चांगल्या कामात बाप खो घालतोय.

सोलरचं मत घ्यायला सभा भरली. पाळकांनी विचारलं, "कोणाचा विरोध?" एकच हात वर. माझ्याच नवऱ्याचा. सगळ्या माना वळल्या. पाळक म्हणाले, "मिस्त्री, काय अडचण आहे ते सांगा ना." हे उभे राहिले. म्हणाले, "पक्षी घाण करतील." कोणीतरी फिस्सकन हसलं. मग म्हणाले, वीज पडेल. मग म्हणाले, कौलं फुटतील. मग, चकाकी डोळ्यांवर येऊन रस्त्यावरचा एखादा सायकलवाला धडपडेल. लेक खाली मान घालून कागदाची गुंडाळी करत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ठराव मंजूर झाला, एक विरुद्ध बाकी सगळे.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मी केलेलं काहीच तुम्हाला आवडत नाही का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

हे उठले, स्वयंपाकघरातलं स्टूल उलटं केलं आणि त्याचा पाय ठोकत बसले. तो पाय चांगला होता. लेक खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून जेवताना ती माझ्याशी बोलायची, त्यांच्याशी नाही. मीठ हवं असेल तर मला म्हणायची, "आई, बाबांकडचं मीठ दे." मधल्या मध्ये मी टपालवाली झाले.

मग सोलरचा इंजिनीअर छप्पर तपासायला आला. शिडी कोणी धरली माहिती आहे? ह्यांनीच. मी आणि लेक खाली उभ्या होतो. तो हातोडीनं एकेक तुळई ठोकत गेला, आवाज ऐकत गेला. पाचवी त्यानं मधोमध ठोकली, आवाज ठणठणीत. टोकापर्यंत गेलाच नाही, रंग इतका एकसारखा होता. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "असं काम आता बघायला मिळत नाही. कोणी केलंय?" पाळकांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. इंजिनीअरनं दोन्ही हातांनी ह्यांचा हात धरला. "तुमच्या छपरावर चोवीस काय, पन्नास पॅनेलं बसतील!"

तोंड उघडायची तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. आणि हे नुसते मान हलवत राहिले. कौतुक कोणाला नको असतं? बत्तीस वर्षं ज्या मापाच्या जोरावर माणूस ताठ मानेनं चालला, ते माप चुकलं होतं असं लेकीच्या देखत कसं म्हणणार? नंतर त्यांनीच मला सांगितलं, "शब्द ओठांवर आला होता गं. त्यानं हात धरला आणि शब्द मागे गेला."

त्यानंतर तर पायाला भिंगरीच लागली. सकाळी उठले की चर्चकडे, दुपारी पुन्हा. विचारलं तर, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचंय. अहो, किती तेल? त्या बिजागऱ्या आता तळून निघाल्या असतील! वर्कशॉपमध्ये एका गिऱ्हाइकाचं कपाट अर्धवट पडलेलं. वजन उतरलं. हातातली पेन्सिल सारखी कानावर ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. शेजारीण मला हळूच म्हणाली, "मिस्त्रींचं काही बाहेर तर नाही ना?" मी म्हटलं, "ह्यांचं? बाई बिचारी मोजून मोजूनच पळून जाईल." हसले खरी, पण दुपारी चप्पल घातली आणि त्यांच्या मागे गेले.

चर्चचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर काय, साठीकडे झुकलेला माझा नवरा शिडीच्या टोकावर चढून, तुळईला कान लावून उभा. डोळे मिटलेले. मग त्यांनी नखानं रंगावरून काहीतरी चाचपलं. तिथे केसाएवढी भेग होती. खालून मला दिसलीसुद्धा नाही, पण त्यांचा चेहरा दिसला. मी ओरडणार होते, "उतरा खाली, पडाल," पण दचकून पडतील म्हणून तोंड आवरलं. तशीच मागे फिरले. रस्ताभर मला वाटत होतं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. लाकडाशी बोलतोय.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला? डॉक्टरकडे जाऊ या का?"

"एका पॅनेलचं वजन किती असतं माहीत आहे का तुला?" हे म्हणाले. "सात-आठ वर्षांच्या पोराएवढं. चोवीस पोरं, वर लोखंडी सांगाडा. सगळं डाव्या उतारावर."

"इंजिनीअरनं पाहिलंय ना?"

"त्यानं पाहिलंय," ते म्हणाले, आणि उठून पाणी प्यायले, आणि परत आले, आणि पुन्हा उठले. मी संतापून म्हटलं, "एक जागी बसा तरी!" बसले. पाय सुरू.

एका शनिवारी पॅनेलं आली. अंगणात खोक्यांची चळत लागली. सोमवारी माणसं चढवायला येणार होती. मधला रविवार आभाराच्या उपासनेचा. लेकीनं रविवारच्या वर्गातल्या मुलांचं गाणं बसवलं होतं, वीसेक मुलं, सगळ्यांच्या छातीवर पिवळ्या कागदाचा सूर्य. उजवीकडे जनरेटरचा धूर येतो, मुलांना खोकला होईल म्हणून तिनं त्यांना डावीकडे बसवलं. दुसऱ्या बाकावर दहा, तिसऱ्या बाकावर दहा.

मी माझ्या जागेवरून बघत होते. मुलं सरकत सरकत थेट ह्यांच्या कुशीपर्यंत आली. हे खाकरले. मुलं हसली. ह्यांनी पाय हलवायला सुरुवात केली. शेजारच्या पोरीनं ते पाहिलं आणि तीही पाय हलवायला लागली, मग तिच्या पलीकडचा, मग सगळी दहाच्या दहा. बाक धडधडायला लागला. लोक तोंडावर हात ठेवून हसत होते, मलाही हसू आलं. ह्यांनी वर पाहिलं. मग एकदम उभे राहिले.

"उठा," म्हणाले. "इथे बसायचं नाही. पलीकडे जा सगळे. उठा!"

मुलं भेदरली. एक रडायला लागलं. लेक तरातरा आली. एवढ्या लोकांत तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बाबा, पुरे झालं! माझ्यावर राग आहे ना, माझ्यावर काढा. मुलांवर कशाला?"

"तुझ्यावर राग नाही."

"मग का? एकदा तरी सांगा ना, का?"

ह्यांनी डाव्या खिशात हात घातला. तो गंजका तुटका टेप बाहेर काढला. ओठ हलले, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. पंखे थांबले, मागे कोणीतरी सवयीनं दोरी ओढली आणि जनरेटर भडभडायला लागलं. ह्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. पाळकांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात, मिस्त्री?"

बत्तीस वर्षं जे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं ते त्या बाबाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि तेही बोंबलून.

"तुळई आखूड आहे!" हे ओरडले. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "ही वरची! चार इंच आखूड! मी चुकीची कापली! ठोकळा जोडलाय आणि वर रंग लावलाय! पॅनेलं चढवू नका!"

कोणीतरी जाऊन जनरेटर बंद केलं. मग त्या शांततेत त्यांनी सगळं सांगितलं, टेपपासून मेखांपर्यंत. भेगसुद्धा सांगितली. सगळे वर बघत होते. मी मात्र त्यांच्याकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. बाक. खाकरणं. लग्नातली ती दोन पावलं. मी जागेवरूनच विचारलं, मला राहवलंच नाही.

"म्हणून तिथे बसता होय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पडली तर आधी माझ्यावर पडावी."

"आणि आम्ही?"

"तुम्ही दोघी पलीकडच्या भिंतीला बऱ्या होतात," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम. एकतीस वर्षं मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं त्यांना? आणि मी धरून ठेवलं असतं ना ते ओझं, अर्धं तरी!

मंडळींनी काही टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई आपल्या नातवाला छातीशी धरून म्हणाली, "इतकी वर्षं आमची पोरं ह्याच्याखाली बसवलीत तुम्ही." तिचं काय चुकलं? ह्यांनी मान खाली घातली. पाळकांनी सगळ्यांना अंगणात नेलं, उपासना उघड्यावर पूर्ण केली, आणि सोमवारचं काम थांबवलं. घरी जाताना लेक माझ्या बाजूनं चालत होती. बापाशी चकार शब्द नाही.

इंजिनीअर आला. ह्या वेळी त्यानं रंग खरवडला. सांधा उघडला तर सरसाची पूड होऊन हातावर आली. दोन मेखांपैकी एक मधोमध तुटलेली. ठोकळा उरलेल्या एका मेखेवर आणि रंगावर टेकला होता, म्हणा. इंजिनीअरनं ती तुटकी मेख तळहातावर घेतली. म्हणाला, "चोवीस पॅनेलं..." मेख खिशात घातली आणि बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आला.

दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडे द्यावी असं सभेत बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. हे मागे उभे होते. म्हणाले, "मला करू द्या. कोणालाही माझ्यावर लक्ष ठेवायला बसवा." मग लेक उठली. आठ दिवस तिनं घरात मौन धरलं होतं. म्हणाली, "मी बसते."

इंजिनीअरनं सांगितलं तसं करायचं ठरलं. छपराला खालून टेकू देऊन सांध्याचा भाग कापायचा, नवं लाकूड बसवायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. मी डबा घेऊन गेले तेव्हा दोघं शिड्यांवर होते, एका टोकाला बाप, एका टोकाला लेक, मध्ये नवा टेप ताणलेला.

"शून्यावर धरलाय ना?" हे विचारत होते.

"धरलाय."

"नीट बघ. शून्यावरच?"

"बाबा, शून्यावर! चौथ्यांदा सांगतेय!"

ती वैतागून बोलली होती, पण बोलली होती. मी डबा बाकावर ठेवला आणि पदरानं डोळे पुसत बाहेर पळाले. त्या दोघांनी मला बघितलं असतं तर टेप सुटला असता आणि मोजणी पाचव्यांदा झाली असती. बाकीच्या चार तुळयाही त्यांनी टोकापर्यंत उघडून दाखवल्या, संशय घेणाऱ्या प्रत्येकाला शिडीवर चढवून दाखवल्या. त्या चांगल्या निघाल्या. रंग मात्र ह्यांनी पाचव्या तुळईला लावू दिला नाही. पट्ट्या, बोल्ट, सगळं उघडं ठेवलं. "दिसलं पाहिजे," म्हणाले.

मग पॅनेलं चढली. जनरेटर एका टेम्पोतून गेलं, त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले होते. आणि पहिला रविवार आला. दिवे लागलेले, पंखे फिरताहेत, आणि आवाज म्हणाल तर नाही. पाळक सवयीनं पहिलं वाक्य ओरडूनच बोलले आणि स्वतःच दचकले. लेक दारापाशी मीटरजवळ उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला आकडे दाखवत होती. त्या नातवाच्या आजीनंही चष्मा लावून आकडे पाहिले. ह्यांच्याशी मात्र ती बोलली नाही. अजून बोलत नाही.

हे मधल्या वाटेत उभे होते. डावीकडे बघत, उजवीकडे बघत, हातातलं गीतपुस्तक ह्या हातातून त्या हातात. राखण करायला आता तिथे काही उरलं नव्हतं, आणि बिचाऱ्याला बसायची दुसरी जागाच माहीत नव्हती. लोक बाजूनं जात होते. कोणी सरकून जागा दिली नाही. मी माझ्या उजवीकडच्या बाकावर पर्स ठेवून जागा धरली होती. एकतीस वर्षं ह्याच दिवसाची वाट बघितली होती मी.

मी पर्स उचलली, उठले, त्यांच्या अंगावरून पुढे गेले आणि डावीकडे तिसऱ्या बाकावर भिंतीशी जाऊन बसले. बरोबर त्या बोल्टांच्या खाली.

हे घाईघाईनं आले. वाकून कुजबुजले, "अगं, इथे कुठे?"

"का? काही राहिलंय का करायचं?"

त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाही," म्हणाले. "बरोबर आहे. तीनदा मोजलंय."

"मग बसा."

बसले. खाकरले. पहिलं गीत सुरू झालं. एका पुस्तकात दोघांची डोकी घातली, आणि तेवढ्यात त्यांचा उजवा पाय हलायला लागला. बाक थरथरायला लागला, ओळी डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून चांगला जोरात दाबला. पाय काही थांबला नाही. पण मीही तिथून उठले नाही.